मॅग्नम रिव्हॉल्व्हरची पावडर : एच-११० मिळत नाही, मग २९६, २४०० की आणखी काही?

वाळवंटवाट

नमस्कार मंडळी. मी ॲरिझोनात असतो आणि .३५७ व .४४ मॅग्नमची (रिव्हॉल्व्हरची जोराची) काडतुसं घरीच भरतो, म्हणजे रिकाम्या पितळी केसमध्ये पेटवणारा प्रायमर, पावडर आणि गोळी बसवतो. आजवर एच-११० ही पावडर वापरत आलो. आता कित्येक महिने ती आमच्या दुकानात आलेलीच नाही. फळीवर विंचेस्टर २९६, अलायंट २४००, ॲक्युरेट ९, आयएमआर ४२२७ आणि कधीमधी फिनलंडची एन-११० असते. दुकानदाराचं म्हणणं, यातली कुठलीही घ्या, सगळ्या सारख्याच. घरी येऊन जळण्याच्या वेगाचा तक्ता पाहिला, तर खरंच सगळ्या एकमेकींना खेटून बसलेल्या.

माझी गरज दोन प्रकारची आहे. एक म्हणजे लोखंडी आकृत्यांवरची नेमबाजी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ५० मीटरवर कोंबडी, १०० वर डुक्कर, १५० वर टर्की आणि २०० मीटरवर मेंढा. मेंढ्याला गोळी नुसती लागून भागत नाही, तो पडावा लागतो. त्यासाठी .४४ मध्ये पूर्ण जोराचं काडतूस हवं. दुसरी गरज म्हणजे माझा भाचा आता शिकतोय, त्याच्या हाताला झेपेल असं .३५७ मधलं मध्यम काडतूस. दोन्हींना एकच पावडर चालली तर उत्तमच.

एक विनंती. किती ग्रेन (वजनाचं छोटं एकक) पावडर घालायची याचे आकडे या धाग्यात कोणी लिहू नयेत. ते पावडर बनवणाऱ्यांच्या चालू पुस्तिकेतूनच घ्यावेत. इथे एखादा अंक चुकीचा टंकला गेला तर त्याचा परिणाम कोणाच्या तरी हातावर होईल.

पितळ_आणि_शिसं

धागा काढलात हे बरं झालं. या विषयावर मराठीत एका ठिकाणी काही सापडत नाही. जरा सविस्तर लिहितो.

आधी सर्वांत सोपं. एच-११० आणि विंचेस्टर २९६ या दोन सारख्या पावडरी नव्हेत, ती एकच पावडर आहे. फ्लोरिडात सेंट मार्क्सला बनते आणि दोन वेगवेगळ्या लेबलांच्या डब्यांत भरली जाते. २००६ पासून विंचेस्टरच्या पावडरीही हॉजडन ही कंपनीच विकते, आणि दोन्ही एकच असल्याचं हॉजडन स्वतः सांगते. त्यांच्या पुस्तिकेत दोघींचे आकडे शेजारी ठेवून पाहा, अंकाचाही फरक दिसणार नाही. तेव्हा तुमची अर्धी अडचण तिथेच सुटली. २९६ उचला. नवा डबा, नवा लॉट (एका वेळी बनलेला घाणा) म्हणून कमी चार्जपासून, म्हणजे काडतुसात कमी पावडर घालून, सुरुवात मात्र करा. ती पुस्तिकेत दिलेल्या किमान आकड्यापासूनच, त्याच्या खाली जाऊन नव्हे. असं का, ते पुढे येतंच.

हॉजडनच्या यादीत अशा आणखीही जोड्या आहेत. एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ एकच, एच-४१४ आणि ७६० एकच. आणि याच्या अगदी उलटही आहे. एच-४३५० आणि आयएमआर ४३५० यांचे अंक सारखे, पण त्या दोन निरनिराळ्या पावडरी आहेत. एकीचा चार्ज दुसरीला लावायचा नाही. ४८९५ चंही तसंच. डब्यावरच्या अंकावरून आत काय आहे हे ठरत नाही. बनवणारा ज्याला एक म्हणतो तेवढंच एक, बाकी सगळं वेगळं असं धरून चाला.

आता २४००. हिचं घराणंच निराळं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हर्क्युलिस कंपनीने ती .२२ हॉर्नेट या छोट्या रायफल काडतुसासाठी बाजारात आणली. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं, १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नमची पहिली रिव्हॉल्व्हर तयार झाली. त्याआधी आयडाहोचे नेमबाज-लेखक एल्मर कीथ .४४ स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसामध्ये जड शिशाची गोळी आणि २४०० भरून वर्षानुवर्षं प्रयोग करत होते आणि कारखान्यांच्या मागे लागले होते. .४४ मॅग्नम जन्माला येण्यात त्या प्रयोगांचा मोठा वाटा आहे. १९९५ मध्ये हर्क्युलिसचा हा धंदा अलायंटकडे गेला, पावडरीचं नाव तेच राहिलं.

कीथच्या काळातले चार्ज आजही कुठे कुठे फिरत असतात, ते घेऊ नका. त्या काळी घरी भरणाऱ्याकडे दाब मोजायचं साधन नव्हतं, आणि कारखान्यांत तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून दाब ठरवत. आज पिझो संवेदकाने मोजतात. सामीची (अमेरिकेतली काडतुसांची मानकं ठरवणारी संस्था) आजची कमाल मर्यादा .३५७ ला ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि .४४ मॅग्नमला ३६,००० पीएसआय आहे. .३८ स्पेशल या सौम्य काडतुसाला ती १७,००० आहे. या तुलनेवरून लक्षात येईल की मॅग्नममध्ये चूक का महाग पडते.

उत्तरेकडची

पितळ दादांनी पाया छान घातला. "सारख्याच" या शब्दाबद्दल थोडं लिहिते, कारण दुकानदाराने तिथेच चूक केली आहे.

जळण्याच्या वेगाचा तक्ता ही फक्त क्रमवारी आहे. अमकी तमकीपेक्षा जलद, एवढंच त्यातून कळतं. किती जलद ते कळत नाही. शेजारच्या दोन ओळींमध्ये अंतर केवढं तेही कळत नाही. दोन प्रयोगशाळांचे तक्ते समोर ठेवले तर क्रमसुद्धा वरखाली झालेला दिसतो. शिवाय दाब बदलला की प्रत्येक पावडरीचं वागणं वेगळ्या तऱ्हेने बदलतं. म्हणून तक्ता पाहून चार्ज ठरवायचा नसतो.

खरा फरक दाण्यात आहे. हातावर घेऊन पाहा (अर्थात आसपास ठिणगी नसताना). एच-११०/२९६ चे दाणे बारीक, गोलसर, चपटे केलेले असतात. ही बॉल पावडर. १९३३ मध्ये फ्रेड ओल्सन यांनी वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत ही रीत बसवली. नायट्रोसेल्युलोज (पावडरीचं मूळ ज्वालाग्राही द्रव्य) द्रावकात विरघळवून पाण्यात घुसळायचं, की त्याचे गोळे बनतात. पहिल्या महायुद्धानंतर साठून राहिलेली जुनी पावडर वाया न घालवता तिच्यातून नवी काढायची, हा त्यामागचा एक हेतू होता.

पण गोल दाण्याची एक अडचण असते. जळताना तो लहान होत जातो, तसा त्याचा पृष्ठभाग कमी होत जातो. म्हणजे सुरुवातीला सर्वांत जास्त वायू आणि नंतर कमी कमी. गोळी नळीत पुढे सरकते तेव्हा आपल्याला नेमकं उलट हवं असतं. म्हणून दाण्यावर ज्वलन रोखणाऱ्या रसायनाचं आवरण चढवतात. सुरुवात दबकी होते आणि आवरण जळून गेल्यावर वेग येतो. मॅग्नममध्ये एच-११० इतका वेग देते त्याचं कारण हे आवरण, आणि ती पेटायला हटवादी असते त्याचंही कारण तेच.

४२२७ आणि एन-११० या साच्यातून काढलेल्या बारीक कांड्या आहेत. दोन्हींत नायट्रोग्लिसरीन नाही, त्यांना एकल-आधारी म्हणतात. एच-११० आणि २४०० मध्ये नायट्रोग्लिसरीन आहे, त्या द्वि-आधारी. तक्त्यात शेजारी बसवलं म्हणून या एका कुळातल्या होत नाहीत.

वाळवंटवाट

उत्तरेकडची ताई, दाण्याचं हे मला कोणीच असं उलगडून सांगितलं नव्हतं. मग भाच्यासाठी २९६ चा चार्ज कमी करून मध्यम काडतूस होईल का? माझ्याकडे २९६ चा एक डबा आता आला आहे.

पितळ_आणि_शिसं

नाही. मुळीच नाही. यासाठी वेगळा प्रतिसाद लिहितोय, म्हणजे कोणाच्या नजरेतून सुटणार नाही.

एच-११०/२९६ चा चार्ज ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका, असं हॉजडनने स्वतः लिहून ठेवलं आहे. बहुतेक पावडरींना "दहा टक्के खालून सुरू करा" असा नियम असतो, इथे तो लागू नाही. ही पावडर नीट जळायला केस जवळजवळ भरलेली हवी, गोळी घट्ट धरलेली हवी आणि दाब चढता हवा. चार्ज कमी केला की आत मोकळी जागा राहते, दाब चढत नाही, आवरण पूर्ण जळत नाही आणि ज्वाला मध्येच विझते. प्रायमरच्या धक्क्याने गोळी केसमधून निघते आणि नळीत अडकून बसते. आवाज फुसका येतो. माणूस गडबडीत पुन्हा चाप ओढतो आणि पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते. त्यात नळी फुगते किंवा फुटते.

फुसका आवाज आला की तिथेच थांबायचं. नळी सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ थांबा, मग सिलिंडर उघडून रिकामं करा आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहा. अशा वेळी सिलिंडरमध्ये न जळलेल्या पावडरीचा पिवळसर गठ्ठा बहुधा सापडतो.

म्हणून एच-११० चे नियम तीन. चार्ज पुस्तिकेतल्या पट्ट्याच्या आत, मॅग्नम प्रायमर (जास्त जोराने पेटवणारा), आणि केसचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट वळवलेलं. हे घट्ट वळवणं दोन कामं करतं. पेटायला लागणारा सुरुवातीचा दाब त्याने मिळतो. आणि जोराच्या धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकत नाहीत. सरकल्या तर सिलिंडर फिरायचंच बंद होतं.

उत्तरेकडची

प्रायमरबद्दल पुस्ती जोडते. मी मिनेसोटात असते. शून्याच्या बरंच खाली थंडी असताना साध्या प्रायमरवर बॉल पावडर कशी वागते ते आमच्या रेंजवर पाहिलं आहे. चाप ओढल्यावर क्षणभर काहीच नाही, मग धडाका. त्या क्षणात माणसाचा हात हलतो. मॅग्नम प्रायमर घातल्यावर हे थांबतं. २४०० ला मात्र अनेक पुस्तिकांत साधाच प्रायमर दिलेला असतो, आणि त्यात मॅग्नम प्रायमर बदलून घातला तर दाब वाढतो. तेव्हा "मॅग्नम काडतूस म्हणजे मॅग्नम प्रायमर" हे समीकरण खरं नाही. आकडा ज्या प्रायमरवर काढला आहे तोच घ्या.

हिल_कंट्री

टेक्सासमधून लिहितोय. मी थोडा असहमत आहे. एच-११० बद्दल इतकी भीती घालायची गरज नाही. कित्येक वर्षं रानडुकरांच्या शिकारीला .४४ मध्ये तीच वापरतो. पुस्तिकेप्रमाणे भरली तर तिच्याइतका एकसारखा वेग दुसरी देत नाही. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) दर गोळीचा वेग शेजारी शेजारी येतो. पावडर मोजून टाकणाऱ्या मापकातून ती पाण्यासारखी सुटते, दर वेळी तेवढीच. ४२२७ च्या कांड्या मापकात अडकतात, कापल्या जातात.

आणखी एक गुण कोणी सांगितला नाही. पूर्ण चार्जला केस जवळजवळ भरते, म्हणून चुकून दोनदा भरली तर पावडर बाहेर सांडते आणि डोळ्याला लगेच दिसते. टाइटग्रुपसारख्या जलद पावडरीचा चार्ज .३५७ च्या केसमध्ये तळाशी जातो. दुप्पट पडला तरी वरून कळत नाही. नवख्याला जास्त धोका तिथे आहे, एच-११० मध्ये नाही.

पितळ_आणि_शिसं

हिल_कंट्री, दुप्पट चार्जचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो सांगायलाच हवा होता. भीती घालायची नाही. पूर्ण जोरासाठी मीही तीच भरतो. पण वाळवंटवाट यांना मध्यम काडतूसही हवं आहे, आणि तिथे ती पावडर उपयोगाची नाही एवढंच म्हणणं आहे.

मध्यमासाठी २४०० घ्या. तिचे पुस्तिकेतले किमान आणि कमाल आकडे एकमेकांपासून बरेच लांब असतात, आणि त्या सगळ्या पट्ट्यात ती समजूतदारपणे जळते. अगदी वरच्या टोकाला एच-११० तिच्यापुढे थोडी जाते. कमी चार्जला २४०० चे काही दाणे न जळता नळीत राहतात. रिव्हॉल्व्हर उघडून केसेस काढताना ते एजेक्टरच्या (केसेस बाहेर ढकलणारा भाग) चांदणीखाली गेले तर सिलिंडर जड फिरतं. म्हणून नळी वर करून केसेस पाडा आणि जवळ छोटा ब्रश ठेवा. ओतीव शिशाच्या गोळ्यांसोबत मला २४०० सर्वांत आवडते.

४२२७ चा स्वभाव त्याहून मऊ. धक्का जरा ढकलल्यासारखा येतो, वेग थोडा कमी मिळतो, न जळलेल्या कांड्या जास्त राहतात. एन-११० स्वच्छ जळते आणि अचूकही आहे, पण किंमत पाहून हात मागे येतो. ॲक्युरेट ९ हीसुद्धा बॉल पावडर. .३५७ मध्ये फार छान चालते. ती आता हॉजडनच विकते, २०२० मध्ये त्यांनी ॲक्युरेट आणि रॅमशॉट ही दोन्ही नावं विकत घेतली.

नवा_भिडू

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. माझ्याकडे अलायंटच्या ब्लू डॉट पावडरीचा डबा आहे. तक्त्यात ती २४०० च्या जवळच दिसते. .४१ मॅग्नममध्ये चालेल ना?

उत्तरेकडची

थांबा. .४१ मॅग्नममध्ये ब्लू डॉट अजिबात नको. २००८ मध्ये अलायंटनेच सूचना काढली होती: .४१ मॅग्नममध्ये कोणत्याही वजनाच्या गोळीसोबत ब्लू डॉट वापरू नये, आणि .३५७ मध्ये १२५ ग्रेनच्या गोळीसोबत वापरू नये. जुन्या पुस्तकांत हे चार्ज छापलेले आहेत, म्हणून लोक अजून त्यात अडकतात. पुस्तक २००८ च्या आधीचं असेल तर त्या पानांवर आत्ताच काट मारून ठेवा.

.४१ साठी एच-११०/२९६ आणि २४०० या दोन्हींचे चालू आकडे सहज मिळतात. तुमच्याकडची ब्लू डॉट शॉटगनच्या काडतुसांसाठी ठेवा, ती मुळात त्याच कामाची आहे.

वैनगंगाकाठ

मी भंडाऱ्याचा. माझे काका इथल्या आयुध निर्माणीत होते, तिथे प्रोपेलंट बनतं. ते नेहमी सांगायचे, एकाच कृतीने केलेले दोन लॉट कधी हुबेहूब सारखे निघत नाहीत, म्हणून प्रत्येक लॉट डागून तपासावा लागतो. दुकानात मिळणाऱ्या डब्यांचं तिकडे कसं असतं?

दुसरं, भारतात परवानाधारक माणसाला घरी काडतूस भरता येतं का?

पितळ_आणि_शिसं

वैनगंगाकाठ, तुमच्या काकांनी सांगितलं ते या सगळ्या चर्चेचं मूळ आहे. कारखान्यातून लॉट वेगवेगळेच निघतात. किरकोळ विक्रीच्या डब्यांसाठी ते एकमेकांत मिसळून ठरलेल्या मर्यादेत आणतात. त्यामुळेच छापील आकडा वर्षानुवर्षं वापरता येतो. सैन्याच्या मोठ्या पिंपांतली पावडर अशी मिसळलेली नसते.

एच-११० चा इतिहासही यालाच जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या .३० कार्बाइन या छोट्या रायफलीच्या काडतुसांमध्ये बॉल पावडर भरत. युद्धानंतर उरलेली लष्करी पावडर कॅन्सासच्या ब्रूस हॉजडन यांनी विकत घेऊन घरी भरणाऱ्यांना विकायला सुरुवात केली. कार्बाइनची केस लहान आणि सरळ, मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या केसची जातही तीच. म्हणून ती पावडर मॅग्नममध्ये इतकी चपखल बसली. पण त्याच कुळातली डब्ल्यूसी-८२० ही उरलेली लष्करी पावडर कुठे कुठे मोठ्या डब्यांत स्वस्तात मिळते, आणि तिचा एक लॉट एच-११० सारखा तर दुसरा ॲक्युरेट ९ च्या जवळचा निघतो. ती घेणाऱ्याने त्या लॉटचे आकडे विक्रेत्याकडून घेतल्याशिवाय एकही काडतूस भरू नये.

भारताबद्दल: नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. स्वतःचं शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. इथे अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. म्हणून हा धागा इथल्या भरणाऱ्यांसाठीच समजावा.

हिल_कंट्री

साठवणीचं राहिलं. घरात २० पौंडांपर्यंत धूरविरहित पावडर मूळ डब्यात ठेवता येते, त्याहून जास्त ५० पौंडांपर्यंत असेल तर किमान एक इंच जाड लाकडाची पेटी लागते, असा अग्निसुरक्षेचा सर्वसाधारण नियम आहे. शहराचे नियम वेगळे असू शकतात, ते पाहून घ्या. घट्ट बंद होणारी लोखंडी तिजोरी नको. आग लागली तर पावडर मोकळ्यावर नुसती भडकते, कोंडली तर फुटते.

भरायच्या टेबलावर एका वेळी एकच डबा. मापकात उरलेली पावडर त्याच दिवशी त्याच डब्यात परत. २९६ आणि एच-११० एकच असल्या तरी दोन अर्धे डबे एकत्र करू नका, लॉटची नोंद हरवते. डबा उघडल्यावर आंबूस, झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती पावडर मेली, वापरायची नाही.

वाळवंटवाट

सर्वांचे मनापासून आभार. २९६ आता फक्त .४४ च्या मेंढ्यासाठी, जड गोळी आणि मॅग्नम प्रायमरसह. भाच्यासाठी २४०० आणली. दोन्हींच्या डब्यांवर कोणत्या कामाची ते मोठ्या अक्षरांत लिहून, वेगवेगळ्या कपाटांत ठेवली आहेत.

शेवटचा प्रश्न. भाच्याला .३५७ ची लिव्हर कार्बाइनही (खालचा दांडा ओढून भरायची छोटी रायफल) आवडते. तिच्यात हाच २४०० चा चार्ज चालेल ना? आणि अगदी पहिल्या दिवसांसाठी याहून हलकं काय द्यावं?

उत्तरेकडची

कार्बाइन .३५७ मॅग्नमचीच असेल तर चालेल. दाबाची मर्यादा काडतुसाची असते, नळीच्या लांबीने ती बदलत नाही. लांब नळीत हळू जळणाऱ्या पावडरींना काम करायला जागा मिळते, त्यामुळे २४०० आणि एच-११० चा वेग रिव्हॉल्व्हरपेक्षा बराच वाढतो. जलद पावडरींचा त्या मानाने थोडाच वाढतो. गोळीचं टोक मात्र पाहा. लिव्हर कार्बाइनच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेलं असतं, म्हणून टोक सपाट हवं. काडतुसाची एकूण लांबीही मोजा, जास्त लांब झालं तर आत अडकतं.

पहिल्या दिवसांसाठी २४०० सुद्धा नको. रिव्हॉल्व्हरमध्ये सरळ .३८ स्पेशल द्या. आवाज कमी, धक्का कमी, मुलगा डोळे मिटणार नाही. .३८ ची केस आखूड असल्याने सिलिंडरच्या भोकात काजळीचं कडं साचतं. मॅग्नम घालण्याआधी ते ब्रशने काढा, नाहीतर लांब केस आत पूर्ण बसत नाही. नंतर २४०० च्या खालच्या आकड्यावर आणा. आणि कानाला बोंडं आणि वरून मफ, दोन्ही. .३५७ ला एकाने भागत नाही.

वाळवंटवाट

गोळ्या सपाट टोकाच्याच आहेत, १५८ ग्रेनच्या. शनिवारी .३८ पासून सुरू करतो. क्रोनोग्राफही नेतो, कार्बाइनचे आणि रिव्हॉल्व्हरचे वेग इथे टाकेन, चार्ज सोडून.